सायकलीचे पंक्चर आणि त्याचे निवारण : डहाणू-तलासरीच्या वाटांवरून एक आढावा

डहाणूहून घोलवडमार्गे बोर्डीस जाणारा किनाऱ्याचा रस्ता, घोलवड-कोसबाडच्या चिकूवाड्यांच्या कुंपणांमधून वळणे घेत जाणाऱ्या अरुंद वाटा, चारोटी-तलासरी-आच्छाड असा गुजरातच्या हद्दीला भिडणारा मुंबई-अहमदाबाद राजमार्ग, आणि त्या राजमार्गाच्या पूर्वेस डोंगरपायथ्याच्या पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या मुरमाड पायवाटा, असे परस्परांहून भिन्न चार मार्ग ज्या मुलखात एकाच सायकलस्वाराला एकाच दिवसात तुडवावे लागू शकतात, त्या मुलखात पंक्चर कसे टाळावे हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. शहरातल्या हौशी स्वाराचे पंक्चर म्हणजे सकाळच्या फेरफटक्यातला खोळंबा. पाड्यावरून पाच किलोमीटरवरच्या शाळेत निघालेल्या मुलीचे पंक्चर म्हणजे पहिल्या दोन तासांची गैरहजेरी. आणि हद्दीपलीकडे उंबरगावच्या कारखान्यात पाळीवर निघालेल्या मजुराचे पंक्चर म्हणजे त्या दिवसाचा खाडा. म्हणून या विषयाची मांडणी टायरच्या जाहिरातीपासून न करता वाटेपासून करावी, असे मला वाटते. तथापि आढावा घेणाऱ्याने आपले मत मांडण्यापूर्वी सर्व पक्षांची कैफियत ऐकून घ्यावी, हा संकेत शक्य तितका पाळण्याचा प्रयत्न पुढे केला आहे.

पूर्वेतिहास

पंक्चर हा सायकलीचा जन्मजात दोष नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आरंभीच्या सायकलींची चाके लोखंडी धावेची वा भरीव रबराची असत, आणि त्यांना हाडे खिळखिळी करण्याचा दोष असला तरी पंक्चर होण्याचा नव्हता. चाकात हवा कोंडण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली पेटंटाने नोंदविली होती. परंतु ती घोडागाडीसाठी होती आणि लवकरच विस्मृतीत गेली. पुढे बेलफास्ट येथे जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती स्वतंत्रपणे योजली आणि १८८८ साली तिचे पेटंट मिळविले. ते थॉमसनच्या जुन्या दस्तऐवजामुळे पुढे रद्द ठरले, हा भाग निराळा. हवेच्या चाकाने सायकल हलकी आणि वेगवान झाली, आणि त्याच दिवशी पंक्चर जन्मास आले. गादीवर बसण्याची किंमत म्हणून ते स्वीकारले गेले, असेच म्हटले पाहिजे.

डनलॉपचे टायर चाकाला चिकटविलेले असत. ते सोडवून, भोक बुजवून, पुन्हा चिकटवून वाळविण्यात कित्येक तास जात. ही अडचण फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी १८९१ साली सुट्या होणाऱ्या टायरने दूर केली, आणि त्याच वर्षी शार्ल तेरों या स्वाराने त्यांचे टायर लावून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत जिंकली. दुसऱ्या वर्षीच्या एका शर्यतीत मिशलँ यांनी स्वतःच रस्त्यावर खिळे पेरविले, जेणेकरून आपल्या टायरची दुरुस्ती किती झटपट होते हे जगाला दिसावे, अशी आख्यायिका सांगतात. ती अक्षरशः खरी मानली नाही तरी तिच्यातील मथितार्थ या वादाचे मूळ दाखवितो. पंक्चर होऊच देऊ नये असे मानणारा एक पंथ, आणि झाले तरी त्याचे काही वाटू नये अशी तजवीज करणारा दुसरा; हे दोन पंथ त्या काळापासून आजतागायत चालत आले आहेत.

आपल्याकडे या वादाला एका विशिष्ट चाकाची चौकट लाभली. मुंबईत १९३९ साली हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली टी. आय., १९५१ साली अ‍ॅटलस आणि १९५६ साली हिरो असे कारखाने उभे राहिले. आणि या सर्वांनी मिळून जी काळी, उंच, मागे जाड कॅरियर असलेली सायकल खेड्यापाड्यांत पोहोचविली, तिचे टायर अठ्ठावीस गुणिले दीड इंचाचे. साखळीची झापड, घंटी, दिव्याचा खोबणा यांत काळानुसार फेरफार झाले, पण हे माप आणि त्यातील रबरी नळीचा साधा व्हॉल्व्ह यांनी आपली जागा सोडली नाही. परदेशी मासिकांतून येणारे बहुतेक इलाज निराळ्या मापांच्या चाकांसाठी सिद्ध झालेले असतात, एवढी गोष्ट पुढील सर्व विवेचन वाचताना विसरू नये.

काट्यांचा भूगोल

पंक्चर म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो, त्यात वस्तुतः निदान चार निरनिराळे अपघात मोडतात. बाहेरून काटा, खिळा वा काच घुसणे हा पहिला. हवा कमी असता दगडावर किंवा खड्ड्याच्या काठावर चाक आपटून ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाणे हा दुसरा, आणि त्यात सापाने डसावे तशी दोन भोके शेजारी-शेजारी पडतात. रिमच्या आतील पट्टी सरकून आऱ्याचे डोके किंवा गंजाचा पापुद्रा ट्यूबला आतून खाणे हा तिसरा. आणि व्हॉल्व्हच्या बुंध्याशी ट्यूब फाटणे वा जुने ठिगळ सुटणे हा चौथा. दुकानदाराकडे गेले असता चारही वेळा पाण्याच्या घमेल्यात बुडबुडेच दिसतात. म्हणून लोक चारही वेळा काट्यालाच दोष देतात.

आता हे चार अपघात आपल्या चार वाटांवर कसे वाटले गेले आहेत ते पाहू. किनाऱ्यालगत काट्यापेक्षा काच आणि खारी हवा यांचा उपद्रव अधिक. खाऱ्या हवेत रिमला गंज लवकर चढतो, आऱ्यांची टोके बोथट राहत नाहीत, आणि बाहेरचे टायर अखंड असतानाही ट्यूब आतून झिजते. बोर्डीच्या सुरूच्या बनापाशी माझी स्वतःची सायकल एकदा बसली तेव्हा मी टायरवरून तीनदा बोट फिरवून काटा शोधत राहिलो होतो; तो सापडणार कसा, भोक रिमच्या बाजूला होते.

चिकूवाड्यांच्या पट्ट्यात मात्र काटा हाच सार्वभौम. वाडीची वई सजीव असो वा तोडलेल्या फांद्यांची, तिच्यात बाभूळ, बोर, करवंद यांपैकी कोणी ना कोणी असतेच. बाभळीचा काटा सरळ, पांढरा आणि जोडीने येणारा. वाळला की तो तारेसारखा कठीण होतो, आणि सायकलीच्या टायरला जो सर्वांत खोल जातो तो हाच. बोरीच्या जोडीत बहुधा एक काटा सरळ आणि एक वाकडा असतो. वाकडा टायरच्या पृष्ठभागावरच अडकतो, सरळ आत शिरतो. सराट्याचे फळ तर असे घडविलेले आहे की ते कसेही पडले तरी एक टोक आकाशाकडे राहावे. त्याचे काटे आखूड म्हणून जाड टायरला ते फारसे बाधत नाहीत, परंतु झिजलेल्या टायरला पुरेसे ठरतात. पावसाळा सरल्यावर जेव्हा वया नव्याने घातल्या जातात, आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडी जेव्हा पूर्वेकडच्या पाड्यांत राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, डहाळ्यांचे कवळ तोडून वाहिले जाते, तेव्हा वाटेवर सांडलेले काटे वाढतात.

काट्याबाबत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो पहिल्याच फटक्यात ट्यूबपर्यंत पोहोचतो असे नाही. या मापाच्या चाकाचा परीघ सव्वादोन मीटरांच्या आसपास भरतो. म्हणजे पाच किलोमीटर जाऊन पाच किलोमीटर परत येणाऱ्या मुलीचे चाक दिवसातून सुमारे साडेचार हजार वेळा फिरते, आणि टायरात अर्धवट रुतलेला काटा तितक्याच वेळा ठोकला जातो. सकाळी अडकलेल्या काट्याचे पंक्चर संध्याकाळी, किंवा दुसऱ्या दिवशी अगदी निर्दोष डांबरी रस्त्यावर होते, आणि दोष त्या रस्त्यावर जातो.

राजमार्गाचा शत्रू अगदी निराळा आहे. पूर्वी मोठ्या रस्त्यांवर बैलांच्या पत्र्यांचे निसटलेले खिळे हे पंक्चरचे प्रसिद्ध कारण होते. आता बैल गेले आणि त्यांच्या जागी मालमोटारी आल्या. त्यांचे पोलादी तारांचे रेडियल टायर फुटले म्हणजे केसाइतक्या बारीक तारांचे तुकडे रस्त्याच्या कडेला विखुरतात, आणि जड वाहनांच्या वाऱ्याने कचरा नेमका त्याच कडेला लोटला जातो जिथून सायकलस्वाराला जावे लागते. ही तार डोळ्यांना दिसत नाही, टायरवर बोट फिरवूनही हाती लागत नाही. हवा तासाभराने जाते, ठिगळ लावले तरी तार टायरातच राहिल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. पूर्वेकडच्या मुरमाड वाटांवर उलट चिमट्याचे पंक्चर अधिक संभवते, कारण तिथे दगड आहेत, उतार आहेत, आणि कॅरियरवर बहुधा दुसरा माणूस वा ओझे आहे.

पावसाळ्यात या सर्वांत भर पडते. ओले रबर कोरड्या रबरापेक्षा सहज कापले जाते, कारण पाणी काचेच्या धारेला वंगणासारखे साहाय्य करते. मागचे चाक पुढच्याहून अधिक वेळा पंक्चर होते, याचेही कारण तर्काला पटण्याजोगे आहे: त्याच्यावर भार अधिक, आणि आडवा पडलेला खिळा पुढचे चाक उडवून उभा करते तो मागच्याच्या वाट्याला येतो.

उपायांचे पक्ष

पहिला पक्ष कवचाचा. टायर जाड करा, त्याच्या आणि ट्यूबच्या मध्ये पट्टी घाला, काटा अडेल, असे या पक्षाचे साधे म्हणणे. परदेशात यासाठी टायरमध्येच अ‍ॅरामिड धाग्याचा पट्टा विणतात. हा धागा ड्यूपाँ कंपनीच्या स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या १९६५ च्या शोधातून निघाला. काही टायरांत पाच मिलिमीटर जाडीचा लवचीक रबराचा थर घालतात. आपल्याकडे हेच तत्त्व फार पूर्वीपासून फुकटात अमलात आले आहे: जुनी ट्यूब उभी चिरून नव्या ट्यूबभोवती आतून बसविणे, किंवा टायरच्या चिरेवर जुन्या टायरचा तुकडा आतून लावणे. या पक्षाच्या बाजूने अनुभव आहे. विरुद्ध बाजूने चाक जड होते, चढावर दमणूक वाढते, आणि पट्टीची कडा बोथट केली नाही तर तीच महिन्या-दोन महिन्यांत ट्यूबला कापते. लांब बाभूळकाट्यापुढे आणि बारीक तारेपुढे कवच सारखेच खरे ठरत नाही: काटा अडतो, तार हळूहळू वाट काढते.

दुसरा पक्ष द्रवाचा. ट्यूबमध्ये चिकट द्रव भरून ठेवावा, भोक पडताच हवेबरोबर तो बाहेर येऊ पाहतो आणि भोकातच गोठतो. यातील एका प्रकारात रबराचाच चीक अमोनियाने पातळ राखलेला असतो. दुसऱ्यात ग्लायकोलसारख्या द्रवात तंतू आणि कण तरंगत ठेवलेले असतात. हे तत्त्व डहाणूच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. चिकूचे झाड खरवडले की निघणारा पांढरा चीक जखमेवर गोठून तिला बंद करतो, हे तो बालपणापासून पाहत आला आहे. आणि रबराच्या चिकात साचे बुडवून फुगे काढणारे कारखाने तर याच गावात आहेत. बारीक भोकांसाठी, म्हणजे नेमके तार आणि सराटा यांच्यासाठी, हा उपाय सर्वांत परिणामकारक ठरतो यात दुमत नाही. अडचणी पुढच्या आहेत. चिकाचा द्रव काही महिन्यांत वाळतो, उष्ण हवेत त्याहून लवकर, आणि मग तो पुन्हा घालावा लागतो. त्याने ओली झालेली ट्यूब दुरुस्तीस नेली तर तिच्यावर ठिगळ धरत नाही, म्हणून दुकानदार कपाळाला आठी घालतो. आणि आपल्या साध्या व्हॉल्व्हची रबरी नळी त्या चिकाने चिकटून बसण्याचा संभव राहतो. फाटलेल्या टायरपुढे किंवा चिमट्याच्या दुहेरी भोकांपुढे द्रवाचे फारसे काही चालत नाही.

तिसरा पक्ष मुळावर घाव घालणारा: हवाच नको. भरीव रबर, पोकळ्यांचे रबर, फेसाळ प्लॅस्टिक असे याचे अनेक अवतार आहेत. भाड्याच्या सायकलींच्या कंपन्यांनी तो मोठ्या प्रमाणावर आजमावला, आणि २०१८ साली पुण्यात आलेल्या मोबाईकच्या सायकलींना हवेशिवायची चाके होती. जी सायकल कोणाचीच नसते, जिची निगा राखणारा मालक जवळ नसतो, तिच्यासाठी हा पर्याय तर्कशुद्ध आहे. परंतु सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी भरीव चाक सोडले गेले ते कारण अद्याप नाहीसे झालेले नाही: हवेची गादी गेली म्हणजे खड्ड्याचा मार सरळ आऱ्यांवर आणि माणसाच्या मणक्यावर येतो, आणि चाक फिरविण्यास जास्त बळ लागते. सपाट शहरी रस्त्यावर हे सोसवते. तलासरीच्या पूर्वेस, कॅरियरवर ओझे असताना, ते कितपत सोसवेल याविषयी मला गंभीर शंका आहे, आणि ती या पक्षाच्या समर्थकांनीही प्रामाणिकपणे विचारात घ्यावी.

चौथा पक्ष निगेचा, आणि तो सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त व म्हणूनच कदाचित सर्वांत दुर्लक्षित. त्याचे म्हणणे असे की निम्मी पंक्चरे टायर बदलून नव्हे तर पंप वापरून टळतात. याला गणिताचा आधार आहे. स्वार आणि ओझे मिळून शंभर किलोंपैकी मागच्या चाकावर साठ किलो येतात असे धरले, आणि त्यात चौरस सेंटीमीटरला तीन किलो इतकी हवा असली, तर टायर जमिनीला सुमारे वीस चौरस सेंटीमीटर टेकतो. हवा निम्म्यावर आली की तोच टायर चाळीस चौरस सेंटीमीटर टेकतो. म्हणजे वाटेवरचा काटा गाठण्याची त्याची व्याप्ती वाढते, आणि रिम दगडाच्या तितकीच जवळ जाते. साध्या सायकलीच्या या टायरात पंचेचाळीस ते पन्नास पाउंड हवा असावी, ही तीच तीन-साडेतीन किलोंची मर्यादा. अंगठ्याने दाबून ती अजमावणे हे मात्र अंगठ्याच्या मालकाच्या बळावर अवलंबून राहते. निगेत आणखी दोन गोष्टी येतात. एक, दररोज संध्याकाळी चाक फिरवून टायरातले अर्धवट काटे टाचणीने उपटणे; वर सांगितलेल्या साडेचार हजार ठोक्यांचा हिशेब पाहता हा दोन मिनिटांचा उद्योग जाड टायरपेक्षा अधिक काम करतो. दुसरी, सायकल उन्हात न ठेवणे. वैशाखाच्या उन्हात ट्यूबवरचे ठिगळ मऊ होऊन सरकते, आणि टायरच्या बाजूंना बारीक भेगा पडतात.

याच पक्षात दुरुस्तीची विद्या मोडते. कानशीने ट्यूब खरवडणे, सोल्युशन लावून ते पुरते वाळू देणे, मग ठिगळ दाबणे. यातील मधली पायरी, म्हणजे वाट पाहणे, गर्दीच्या दुकानात गाळली जाते आणि ठिगळ चार दिवसांत उचलते. ट्यूब कोणत्या रबराची यालाही महत्त्व आहे. १९३७ साली अमेरिकेत शोधल्या गेलेल्या ब्युटाइल रबराच्या ट्यूबमधून हवा झिरपण्याचे प्रमाण नैसर्गिक रबराच्या ट्यूबपेक्षा कितीतरी कमी असते; अर्थात आठवड्याला हवा भरण्याची सवय नसलेल्या घरासाठी ती श्रेयस्कर. लवचीकपणात मात्र नैसर्गिक रबर सरस, आणि ते काट्यापुढे थोडे अधिक ताणले जाऊन कधी कधी वाचते.

पाचवे म्हणणे पक्ष म्हणून कोणी मांडलेले नाही, पण ते इतरांइतकेच विचारार्ह आहे: वाटच स्वच्छ ठेवावी. कुंपणाच्या छाटणीचे काटे वाडीमालकाने रस्त्यावरून उचलावेत, राजमार्गाची कडा वेळोवेळी झाडली जावी, खड्ड्यांच्या कडा बुजविल्या जाव्यात. शंभर सायकलींना कवच घालण्यापेक्षा एक किलोमीटर कडा झाडणे स्वस्त पडेल की नाही, हा सरळ हिशेबाचा प्रश्न आहे.

अनिर्णित राहिलेले

तो हिशेब मांडायचा तर मोजणी हवी, आणि तिची वही कोण ठेवणार हे अद्याप ठरलेले नाही. पंक्चर काढणारा दुकानदार दिवसाकाठी किती ट्यूबा पाण्यात बुडवितो आणि त्यांतील किती काट्याच्या, किती तारेच्या, किती चिमट्याच्या, हे भोकाकडे पाहताच ओळखतो. ते लिहून ठेवण्याचा मेहनताना त्याला मिळण्याची तरतूद कोणत्याही खात्यात नाही. अशा नोंदीखेरीज कवचपक्ष आणि द्रवपक्ष यांच्यातला वाद या मुलखापुरता सुटणे कठीण आहे, कारण दोघेही खरे बोलतात, फक्त निरनिराळ्या भोकांविषयी.

दुसरा अनिर्णित मुद्दा उन्हाचा. द्रवाचे बहुतेक दावे थंड हवामानातले आहेत. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढलेल्या ट्यूबमध्ये त्याचे आयुष्य किती राहते, आणि त्या हिशेबाने वर्षाला त्याचा खर्च दोन नव्या ट्यूबांपेक्षा कमी येतो की जास्त, हे येथील घरांनी येथेच आजमावून पाहावे लागेल. तिसरा मुद्दा कुंपणांचा. वाडीला काट्याच्या वईऐवजी तारेचे कुंपण घातले तर वाटेवरचे काटे कमी होतील हे उघड आहे. पण तारेचे तुटके तुकडे पंक्चरच्या खात्यात किती भर घालतात, आणि सजीव वईबरोबर जाणारी पाखरे व करवंदे यांचे मोल कोणत्या खात्यात मांडायचे, हे प्रश्न सायकलीच्या बाहेर जातात. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, त्यामुळे येथे ते प्रश्न बाहेर ठेवताही येत नाहीत.

आणि शेवटी सरकारी सायकलींचा मुद्दा. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींसाठी सायकलींच्या अनुदानाची योजना राबविली गेली. सायकल मिळाली की तिची मालकी मुलीची आणि तिच्या पंक्चरचा खर्च घरचा. आपल्या बाजारात सायकलीबरोबर पंप देण्याची वहिवाट नाही. त्यामुळे चौथ्या पक्षाचा सगळा युक्तिवाद, तो कितीही सयुक्तिक असला तरी, ज्या पाड्यावर पंप नाही तिथे पोहोचेपर्यंत हवेअभावी बसतो. अनुदानाच्या रकमेत एक हातपंप, दोन टायर उतरविण्याच्या पट्ट्या, कानस, सोल्युशनची नळी आणि ठिगळांची पुडी यांचा समावेश करावा की ते पैसे जाड टायरवर खर्चावेत, की प्रत्येक शाळेत एकच पंप आणि दुरुस्ती शिकलेल्या चार मुली असाव्यात, या तीन पर्यायांची तुलना अजून व्हावयाची आहे. मला स्वतःला तिसरा पर्याय सर्वांत आशादायक वाटतो. पण सुट्टीच्या दोन महिन्यांत शाळेचे कुलूप कोणाच्या हाती असते, याचे उत्तर मिळेपर्यंत तो पर्याय अपुरा आहे हेही नमूद केले पाहिजे.